नऊवारीखालची पेटी आणि ती शिवणारे चाचा

गेल्या महिन्यात एका मालिकेसाठी जिन्यावरून पडले. चौदा पायऱ्या, मध्ये एक वळण, अंगावर नऊवारी, केसांचा खोपा, नाकात नथ आणि हातात आरतीचं ताट. ताट तिसऱ्या पायरीवर सोडायचं, डावा खांदा आत घ्यायचा आणि वळणावरच्या भिंतीला पाठ घासून खाली घरंगळायचं. तीन टेक झाले. रात्री आंघोळीच्या वेळी अंग तपासलं तर एकच वण होता, उजव्या पोटरीवर, आणि तोही ताटाच्या काठाचा. माझं वय एक्केचाळीस आहे. एकोणिसाव्या वर्षी पहिला जिना केला, तेव्हा पुढचे पंधरा दिवस मला एकाच कुशीवर झोपता येत होतं.

या दोन जिन्यांच्या मधल्या काळात जे शिकले त्यातलं अर्धं फाइट मास्टरांकडून. उरलेलं अर्धं मिळालं गोरेगाव पूर्वेला, संतोषनगरच्या एका आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत. तिथं आमचे चाचा बसतात. पडणाऱ्या माणसांसाठी पॅड शिवून देणं हे त्यांचं दुकान. बाहेर पाटी नाही, त्यामुळे नेटवर कुठं कुणी दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. नव्या मुली सेटवर भेटल्या की विचारतात, ताई, तुम्ही आत काय घालता? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या कामाचं थोडं सांगते, नाहीतर या दुकानाचं मोल कळायचं नाही. सिनेमातल्या मोठ्या स्टंटला तालमीचे दिवस मिळतात. मालिकेत सकाळी नऊच्या शिफ्टला बोलावतात, सीन कधी अकराला हातात येतो, कधी जेवणानंतर. भागांची बँक संपलेली असली, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग उरले नसले, की आज लिहिलेला अपघात आजच करायचा असतो, कारण तो परवा दाखवायचाय. पडण्याचे प्रकार आता मला पाठ झालेत. जिना, विहीर, गाडीचा धक्का, समईनं पेटलेला पदर, कड्यावरून लोंबकळणं. एकेक पडणं पाहिलं तर लहान वाटतं. पण उंचावरून पडणाऱ्याच्या खाली पुठ्ठ्याचे खोके असतात, गादी असते, एअरबॅग असते. जिन्यावर यातलं काहीच ठेवता येत नाही, कारण कॅमेरा पायऱ्याच दाखवत असतो. मग गादी अंगावर घालावी लागते. आणि ती दिसता कामा नये. हिरॉइनची कंबर आणि माझी कंबर एकसारखी दिसली नाही, तर डबल, म्हणजे तिच्या जागी पडणारी बाई, आणून उपयोग काय?

मी कोल्हापूरची. शिवाजी पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकले. लाठी, पट्टा, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. २००३ साली मुंबईला आले ते तलवार चालवणारी मुलगी हवी म्हणून निरोप आला होता तेव्हा. चार दिवस तलवारीचं काम झालं आणि पाचव्या दिवशी मास्टर म्हणाले, जिना करशील का? हो म्हणाले. ड्रेसदादांनी, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांनी, गुडघ्याला फोमचे तुकडे बांधून दिले, कुणीतरी क्रिकेटचा थायपॅड दिला, तो पुरुषाच्या मापाचा. तिसऱ्या पायरीवर तो फिरून पुढं आला आणि मी पडले ती थेट खुब्याच्या हाडावर. आवाज मला आजही आठवतो. सीन ओके झाला. लंगडत व्हॅनकडे निघाले तेव्हा सेटवर हार्नेसचं, म्हणजे केबलला लटकताना अंगावर बांधायच्या पट्ट्यांचं, सामान पोचवायला आलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या माणसानं थांबवलं. "काय गो बाय, कुठं लागलं? हाडावर की मांसावर?" मी हाडावर म्हटलं. "उद्या ये. चाची माप घेईल."

ते चाचा.

चाचा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. सत्तरच्या दशकात मुंबईत आले, आधी गोदीत हमाली, मग सिनेमात फायटर. आमच्या लाइनीत स्टंटमनला फायटरच म्हणतात. टीव्ही आल्यावर त्यांचं खरं काम टीव्हीत झालं. रामानंद सागरांची 'रामायण' १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आली, तिचं शूटिंग गुजरातच्या हद्दीतल्या उमरगावला झालं होतं, आणि त्यानंतर पौराणिक मालिकांसाठी त्या गावाकडे फायटरांची रीघ लागली. चाचा बोरिवलीहून पहाटेची गाडी पकडायचे. सकाळी एका सैन्यात मरायचं, जेवणानंतर मुकुट बदलून दुसऱ्या सैन्यात मरायचं. घोड्यावरून पडणं हा त्यांचा हातखंडा. मग नव्वदच्या दशकात जादूच्या मालिका आल्या आणि माणसं केबलवर उडू लागली. अशाच एका सेटवर, मालिकेचं नाव लिहीत नाही, दोर धरणाऱ्या चारपैकी दोन माणसं जेवणानंतर बदलली गेली होती. चाचा चार मीटरवरून खुब्यावर पडले. निर्मात्यांनी पहिल्या आठवड्याचा दवाखान्याचा खर्च दिला, त्यानंतर फोन उचलला नाही. सहा महिने अंथरुणात गेले. घरात चाचीचं शिलाई मशीन होतं. बसता यायला लागल्यावर ते त्या मशीनवर बसले आणि पहिली वस्तू शिवली ती स्वतःच्या खुब्यासाठी.

ही खुब्याची पट्टी हाच या दुकानाचा सगळ्यात चांगला माल आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिते. बाजारात मिळणारं पॅड हाडाच्या बरोबर वर जाड असतं. चाचांची पट्टी उलट. आपल्या आया-आज्या डोक्यावर घागर ठेवण्याआधी चुंबळ ठेवत, तशी ती गोल, मध्ये खोलगट. खुब्याचं टोक त्या खोलगट जागेत बसतं आणि मार त्याच्या भोवतालच्या मांसावर पसरतो. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या आजीचा खुबा मोडला तेव्हा फिजिओथेरपिस्टनी म्हाताऱ्या माणसांसाठी असलेलं एक पॅड दाखवलं, तेही याच तत्त्वावर बनवलेलं होतं. चाचांनी ते कुठं पाहिलं नव्हतं. ते स्वतः त्या हाडावर पडले होते, तेवढं त्यांना पुरलं.

मापं घेण्याची पद्धत तर मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही. शिंपी आपल्याला सरळ उभं करतो. इथं आधी विचारतात, "कुठून पडणार आणि कुठं थांबणार?" मग जमिनीवर मांजरपाटाची चादर घालतात आणि त्यावर खरोखर पडायला लावतात, हळू, पायरी पायरीनं. शरीर जिथं जिथं टेकतं तिथं खडूची खूण. माझ्या उजव्या कोपरापेक्षा डावं कोपर दीड इंच खाली टेकतं, हे मला तिथं समजलं. बसून, वाकून, गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा मापं. या सगळ्याचं जे बनतं त्याला आम्ही पेटी म्हणतो; पातळ सुती बनियनसारखी बंडी आणि मांडीपर्यंतची चड्डी, आत ठिकठिकाणी कप्पे. कप्प्यात पॅड सरकवायचे, काम झालं की काढून कपडा धुवायचा. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला काचत नाही. नऊवारीसाठी चड्डीचा मागचा कप्पा वर घेतात, कारण काष्टा तिथून जातो. पाचवारीला वेगळा कट. पंजाबी ड्रेसला वेगळा. एका पेटीत सगळं चालेल असं त्यांना कधी सांगू नका, ते मशीन बंद करतील.

बायकांची मापं चाचीच घ्यायच्या. हे लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या आधीच्या काळात बाईचा स्टंट म्हणजे विग आणि साडी घातलेला पुरुष, हा सर्रास प्रकार होता. 'शोले' १९७५ साली आला, त्यातल्या टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या, आणि त्यांच्यासारख्या एका-दोघींनी वाट पाडली म्हणून आम्ही आज आहोत. पण साहित्य पुरुषांच्या मापाचंच राहिलं. छातीची पट्टी, खुब्याची रुंदी, मांडीचा घेर, कुणी मोजलंच नव्हतं. चाचींनी मोजलं. त्यांची एक लांबट वही आहे, पूजेच्या दुकानात उधारी लिहितात तसली, त्यात आम्हा सगळ्या मुलींची मापं वर्षवार लिहिलेली. माझं पान २००३ पासूनचं आहे. बाळंतपणानंतर कंबर कशी बदलली, २०१४ मध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मांडी किती बारीक झाली, सगळं त्यात. चाची २०२१ मध्ये गेल्या. आता सून माप घेते, त्याच वहीत, त्याच अक्षराच्या खाली.

आता पॅडच्या आतल्या मालाबद्दल, कारण इथं बरीच फसवणूक चालते. सुरुवातीला चाचा काथ्या आणि चपलांच्या तळव्याचं ईव्हीए शीट वापरायचे. बरं होतं, पण जाड व्हायचं. साधारण २०१२ मध्ये मी मोटरसायकलवाल्यांच्या जाकिटात असतात ते मऊ पॅड विकत घेतले आणि चाचांना नेऊन दाखवले. हा मऊ माल हातात चिकट रबरासारखा लागतो, घडी घाला, पिळा, काही होत नाही. पण जोरात आणि अचानक मार बसला की तेवढ्या क्षणापुरता तो घट्ट होतो आणि मार पसरवतो. चाचांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि लाकडी हातोडीनं मारलं. मग दुसऱ्यांदा, अजून जोरात. म्हणाले, "माल त्यांचा, कापड माझं." तेव्हापासून तीच पद्धत आहे. पॅड तुम्ही बाहेरून आणायचे, कप्पे ते शिवणार. यात त्यांचा नफा कमी झाला, कारण आधी मालाचेही पैसे मिळायचे. तरी त्यांनीच सगळ्यांना तसं करायला सांगितलं.

पॅड विकत घेताना कंपनीच्या नावावर जाऊ नका, पॅडवर छापलेलं वाचा. युरोपचा मापदंड आहे, ईएन १६२१-१. यात पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर टाकतात, म्हणजे ५० ज्यूलचा फटका, आणि पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १. २० च्या आत असेल तर लेव्हल २. जिन्यासाठी गुडघा, कोपर आणि खुबा लेव्हल २ च घ्या, पैसे जास्त पडले तरी. पॅडवर इंग्रजी अक्षरं असतात. के म्हणजे गुडघा, ई म्हणजे कोपर, एस खांदा, एच खुबा. पाठीचा मापदंड वेगळा, ईएन १६२१-२, आणि तो जास्त कडक आहे, लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९ किलोन्यूटन. शिवाय टी आणि अधिकचं चिन्ह असेल तर तो माल ४० अंश उष्णतेतही तपासलेला आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या सेटवर दिव्यांखाली काम करायचं असतं, तिथं हे चिन्ह बघाच. हा मऊ माल उष्णतेत आणखी मऊ होतो. नुसता मोटरसायकलवाल्याच्या चित्राचा शिक्का मारलेला आणि आकडा नसलेला पॅड मी वापरत नाही. चोर बाजारात तसले ढिगानं मिळतात.

आणि एक गोष्ट नव्या पोरांनी नीट ऐकावी. पेटी घातली म्हणून उंचावरून पडायला तयार होऊ नका. सहा मीटरवरून पडलं तर खाली पोचताना वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग दीड-दोन सेंटीमीटरच्या पॅडमध्ये थांबवायचा म्हणजे हाडं मोडणारच. तोच वेग खोक्यांच्या सव्वा मीटर उंच थरात थांबवला तर माणूस उठून चालायला लागतो. थांबायला जितकं अंतर मिळेल तितका मार कमी, एवढं सोपं आहे ते. खोके रिकामे, तोंडं बंद केलेले, वर ताडपत्री किंवा पातळ गादी. जिन्यावर आपण एका दमात पडत नाही, चौदा तुकड्यांत पडतो, म्हणून तिथं पेटी पुरते. माझ्यासमोर एक मुलगा चाचांकडे आला होता, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी आहे, जाड पेटी द्या म्हणाला. चाचांनी विचारलं, खाली काय? तो म्हणाला, गवत. चाचांनी शिवून दिलं नाही. त्याच्या मास्टरला फोन लावला, खोके किती लागतील ते सांगितलं आणि ते कुठल्या गोडाऊनमध्ये मिळतील तेही.

माझ्या भाचीनं २४ मार्च २०२३ रोजी मोबाइलवर गूगलचं चित्र दाखवलं होतं, किटी ओ'नील नावाच्या अमेरिकन स्टंटबाईंचा वाढदिवस होता. त्याही टीव्हीच्याच डबल. तान्हेपणी आलेल्या आजारांत ऐकू येणं गेलं. १९७६ मध्ये वाळवंटात रॉकेटच्या गाडीत ताशी ५१२ मैलांच्या वर वेग गाठून बायकांचा विक्रम केला. 'वंडर वुमन' मालिकेसाठी १९७९ मध्ये एका हॉटेलच्या गच्चीवरून १२७ फूट खाली एअरबॅगवर उडी मारली. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे माझ्याएवढीच. मी चाचांना हे सगळं भरभरून सांगत होते, बारा मजले चाचा, खाली येईपर्यंत वेग ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ गेला असणार. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खाली काय होतं?" एअरबॅग म्हटल्यावर मान डोलावली. मग चाचींच्या फोटोकडे बघून म्हणाले, "तिचं माप कुणी घेतलं असेल गो?" ओ'नीलबाईंनी १९८२ मध्ये काम थांबवलं आणि २०१८ मध्ये त्या गेल्या. मला त्या दिवशी फार वाटलं की त्यांना हे दुकान दाखवायला हवं होतं.

पदर पेटण्याच्या सीनसाठी चाचा वेगळी बंडी देतात. जाड सुती, दोन पदरी, लांब बाहीची, कामाच्या आधी पाण्यात भिजवून पिळून घालायची, उघड्या कातडीला आगीपासून वाचवणारं जेल. पॅड काढून ठेवायचे, कारण ते रबरी असतात. साडी सुतीच हवी, हे ते ड्रेसदादांना स्वतः फोन करून सांगतात. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. मी एकदा ऐन वेळी जॉर्जेटची साडी बदलायला लावली म्हणून प्रॉडक्शनची माणसं दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती. साडी बदलली मात्र.

या दुकानावर माझा विश्वास कशामुळे बसला ते आता सांगते. चाचा हार्नेसला सुई लावत नाहीत. २०१७ च्या सुमारास एका युनिटचा माणूस हार्नेस घेऊन आला होता, मांडीच्या पट्ट्याची शिवण दोन इंच उसवलेली. जास्त पैसे देतो, संध्याकाळी शिफ्ट आहे, एवढं शिवून द्या. चाचांकडे जुकीचं मशीन आहे, जाड नायलॉनचा दोरा आहे, दहा मिनिटांचं काम. ते म्हणाले, एकदा झटका खाल्लेला किंवा शिवण सुटलेला हार्नेस संपला, तो शिवायचा नसतो. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला पट्टा वरून चांगला दिसतो आणि आतून गेलेला असतो. त्या माणसानं आवाज चढवला. चाचांनी तो हार्नेस हातात घेतला, कात्री घेतली आणि पट्टा मधोमध कापला. मग गल्ल्यातून त्याचे पैसे देऊ केले. त्या माणसानं घेतले नाहीत, शिव्या घालून गेला. चाचांचे हात थरथरत होते. मी पाणी दिलं. दोन दिवसांनी त्याच युनिटचे मास्टर स्वतः आले आणि नव्या हार्नेसखाली घालायच्या कमरेच्या पट्ट्या शिवायला टाकून गेले.

आता उणिवा. वेळ फार लागतो. आठ दिवस म्हणतात, बारा धरा. लग्नसराईत सून ब्लाउजची कामंही घेते, तेव्हा पंधरा. मालिकेत आज बोलावून उद्या काम असतं, त्यामुळे काम हातात आल्यावर इथं धाव घेण्यात अर्थ नाही, पेटी आधीच शिवून ठेवावी लागते. जिना लोखंडी आणि अरुंद आहे, गुडघा दुखत असेल तर चढताना त्रास होतो. बायकांना माप द्यायला फक्त एक पडदा आहे. सून असते तेव्हा अडचण नाही, ती नसेल तर फोन करून दुसऱ्या दिवशी जा. पाठीचं पॅड त्यांच्याकडे शिवून घेऊ नका. ते शिवतात, पण मणक्यासाठी तयार मिळणारं, आकडा छापलेलं पॅड सरळ विकत घेतलेलं चांगलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यांना पटलेलंही आहे. कोपराचा कप्पा पहिल्या चार-पाच धुण्यांत आटतो. शिवायला टाकण्याआधी कापड भिजवून घ्या म्हणून आग्रह धरा. आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

खर्चाचं सांगायचं तर माझी शेवटची पेटी, बंडी आणि चड्डी मिळून, शिलाई ३,२०० रुपये पडली. गुडघा, कोपर, खुबा, खांदा असे लेव्हल २ चे पॅड वेगळे, ते मला सगळे मिळून साडेसात हजारांना पडले. एक जोराचा मार खाल्लेला पॅड मी बदलते, बाकीचे तीन-चार वर्षं चालतात. नव्या मुलीला ही रक्कम मोठी आहे हे मला माहीत आहे. आपले पैसे नव्वद दिवसांनी येतात आणि भाडं एक तारखेला द्यावं लागतं. चाचा हप्ते घेतात, तीन महिन्यांचे, कामाचे पैसे येतील त्या हिशेबानं. त्यांनी मला पहिली पेटी दिली तेव्हा माझ्याकडे दोनशे रुपये होते. बाकीचे चाचींनी वहीत माझ्या मापाच्या खालीच लिहून ठेवले होते, आणि फिटल्यावर त्यावर एक आडवी रेघ मारली. सुरुवातीला सगळं एकदम घेणं जमत नसेल तर आधी खुबा आणि गुडघे करा, कोपरं पुढच्या महिन्यात. उलट क्रम लावू नका. कोपर आपण आत घ्यायला शिकतो, खुबा कुठं लपवणार?

माझ्याकडे सध्या तालमीला येणारी एकोणीस वर्षांची मुलगी आहे, साताऱ्याची. कबड्डी खेळलेली, त्यामुळे पडायला घाबरत नाही, आणि मला तिची तीच काळजी वाटते. संघटनेच्या कार्डाची तिची कागदपत्रं झाली की पहिल्या जिन्याला कुणीतरी बोलावणारच. येत्या रविवारी तिला घेऊन चाचांकडे जातेय. चाचा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, सकाळी दहा ते एकच मशीनवर बसतात, नंतर सून आणि एक पोरगा काम बघतात. शुक्रवारी बंद. मोबाइलवरून पैसे दिलेले चालतात, सूनच ते घेते.

दुकान शोधायला संतोषनगरात पिठाची गिरणी विचारू नका, तिथं गिरण्या तीन आहेत. फिल्मसिटीत कुठल्याही जुन्या ड्रेसदादांना "फायटरवाले चाचा" म्हणा, ते नेऊन सोडतील. जाताना जी साडी नेसून पडायचंय तशाच जाडीची साडी बरोबर न्या, नेसून दाखवावी लागते. पॅड आधी घेतले असतील तर तेही न्या, कप्पा त्यांच्यावरून कापतात. आणि जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजून लिहून न्या, इंचात. तोही प्रश्न येतोच.